तारेतून सांडणारी वीज

खुर्ची धरायला मी पोचलो, तोवर तुमचे बाबा तिच्यावर चढले होते. गच्चीवर, धुक्यात, एक कान घरामागून जाणाऱ्या उच्चदाबाच्या तारांकडे लावून. (दादा, सादर नमस्कार. तुम्ही आणि वहिनी बरे असाल. हे आधी लिहायला हवं होतं, पण आधी बाबांना उतरवणं भाग होतं. तारा नियमाइतक्या लांब आहेत; भरवसा नाही तो खुर्चीचा.)

झालं असं. जिन्यावरून पडल्यापासून बाबांनी एकटं राहू नये, असं डॉक्टर म्हणाले आणि तुमच्या बहिणीने त्यांना इथे आणलं. पण हवा दमट झाली की या तारा चुरचुरतात, तापल्या तव्यावर पाणी शिंपडल्यासारख्या. "डोक्यावर हे असलं! मी आपला माझ्या घरी बरा," बाबा म्हणाले. तुम्ही रविवारी न्यायला येतो म्हणालात. तुमची बहीण मला म्हणाली, "तुम्ही वीजखात्यातच ना? मग घालवा त्यांची भीती."

मी घालवली. तारेत दाब फार असला की थोडी वीज भोवतालच्या हवेत झिरपते, आवाज तिचा, असं सांगितलं. (याला करोना म्हणतात. ते नाव मी गिळलं. घरात पुन्हा मास्क निघाले असते.) धोका काही नाही, थोडी वीज वाया जाते, इतकंच. वाया जाते, हे मी बोलायला नको होतं. पाहुणे बसलेले असताना पंखा बंद करणाऱ्या माणसापुढे तर नाहीच.

"वाया? कधीपासून?"

"तारा ओढल्यापासून."

"आणि खात्यात कोण आहे?"

"बरेच जण."

"जावईबापू, या घरात कोण आहे?"

भीती गेली आणि सुतक सुरू झालं. तिकडे सांडते ती भरून काढायची म्हणून आम्ही अंधारात जेवतो. फ्रिज दिवसाआड. (दूध नासतं. तेही वायाच जातं, हे सांगायची माझी टाप नाही.) कामावरून आलो की दारातच विचारणा : "थांबली?" जाड तारा ओढल्या तर गळती कमी होते, हेही त्यांनी माझ्याकडून वदवून घेतलं. काल खुर्चीवरून जाहीर केलं, की हे निस्तरल्याशिवाय आपण इथून हलणार नाही. बाकी क्षेम.

आपला मेहुणा

ता. क. खरं काम असं. रविवारी येऊ नका. आणि कोरड्या हवेत ही गळती जवळजवळ थांबते, हे बाबांना फोनवर सांगू नका. (तुम्ही शोधून काढाल, म्हणून आधीच कळवतो.) तुमची बहीण हल्ली उठल्याबरोबर धुकं आहे ना, ते बघते. काल अंधारात, गार पाण्याने भांडी घासताना गुणगुणत होती.

आणखी एक. पत्र टाकायचं राहिलं. आज सकाळी हवा कोरडी निघाली. तारा गप्प. बाबांनी शर्ट बॅगेत भरले. तुमची बहीण चहा देत म्हणाली, "तुमची पाठ वळली की पुन्हा गळायला लागेल. यांच्या भरवशावर सोडणार का?" बाबांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. मग शर्ट पुन्हा कपाटात लावले.