गोदीचं बाळंतपण

रावपुरा, बडोदे
६ फेब्रुवारी

ती. स्व. अक्कास,
पिलाजीचा शि. सा. न. वि. वि.

हर्नियाचं ऑपरेशन झालं, मी तुझ्या घरी तुझ्याच पलंगावर सुखरूप आहे. फोनवर मी गाय म्हटलं की तुला चाय ऐकू येतं, म्हणून पत्रच बरं. रमणभाई रोज सकाळी भाजीचा टेम्पो घेऊन खंडेराव मार्केटला येतात, तेच हे टपाल नेतील-आणतील.

साठी उलटलेला भाऊ आणि सदुसष्टीची बहीण यांनी घरांची अशी अदलाबदल केलेली पाहून रणवीर हसतो. बापाच्या मळ्यावर गणिताच्या निवृत्त बाई, आणि बाईंच्या घरात बाप! पण डॉक्टर सहा आठवडे वजन उचलू नका म्हणाले, मग मी तरी काय करणार?

आता कामाचं. गोदी गाभण आहे, दिवस भरत आलेत. ती अस्सल गीर आहे, मानी आहे. पाठीमागून जाऊ नकोस, आधी तोंडासमोर उभी राहून चार शब्द बोल. ती आपले लांब कान हलवील, मगच हात लाव. मैना आणि बिजली या सुरती शेळ्या. त्यांना रानोमाळ हिंडवावं लागत नाही, अंगणात बांधून पाला टाकला तरी त्या खूश. म्हणून तर मी त्या घेतल्या. सरपंच मला संकरित गाय घ्या म्हणून मागे लागले होते. ती दूध जास्त देते खरं, पण उन्हाळ्यात पंखा मागते. मलाच पंखा नाही.

गाय अस्वस्थ झाली तर काय करायचं ते मागच्या पानावर लिहिलं आहे. शेजारच्या कांताबेन मदतीला येतील.

लोभ आहेच, तो गोदीवरही राहू दे.
तुझा पिलाजी


मळा, डभोई रस्ता
९ फेब्रुवारी

चि. पिलाजीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं मागचं पान बिजलीने खाल्लं. मी चष्मा शोधत होते, तेवढ्यात तिने काम उरकलं. तिच्या तोंडातून जेवढं सोडवता आलं, त्यावर एवढंच आहे: "घाबरू नकोस आणि कोणत्याही परिस्थितीत". पुढचं शेळीच्या पोटात. कोणत्याही परिस्थितीत काय, ते ताबडतोब कळव.

गोदीशी माझं जमत नव्हतं. तोंडासमोर उभी राहून मी तिला शुद्ध मराठीत समजावलं, तर तिने माझा अंबाडा चाटून सोडला. कांताबेन हसून हसून ओट्यावर बसल्या. त्या म्हणाल्या, बेन, ही गाय भरवाड गवळ्यांच्या घरची, हिला गुजराती बोला. आता मी रोज सकाळी तिला केम छो विचारते. कान हलतात. पस्तीस वर्षं मुलींना त्रिकोणमिती शिकवली, एवढ्या लवकर कुणाचंच डोकं हललं नव्हतं.

शेळीच्या दुधाचा चहा मी पिणार नाही असं तुला बजावलं होतं. आता दोन वेळा पिते. याचा गाजावाजा करू नकोस.

औषध वेळेवर घे. शेवउसळ खाल्लीस तर मला कळेल. तुझ्यावर माया आहे म्हणून दटावते.
अक्का


रावपुरा
१३ फेब्रुवारी

ती. स्व. अक्कास,
शि. सा. न. वि. वि.

शेवउसळ खाल्ली. अर्धीच. रोज सूरसागरापर्यंत फिरून येतो, त्याने पचते.

मैनेला फार ओला घास देऊ नकोस, पोट फुगतं. बिजलीपासून छत्री, चप्पल आणि वर्तमानपत्र लांब ठेव. गोठ्याच्या दक्षिणेकडची जाळी सैल आहे. शेळ्यांसाठी बोरीचा पाला रमणभाई आणतील. चुन्याचं पाणी आठवड्यातून एकदा. मैनेच्या डाव्या कानाला खरूज आहे, त्याला करंजाचं तेल लाव.

टाके परवा निघाले, पण अशक्तपणा वाटतो. महिनाअखेरपर्यंत इथेच राहावं म्हणतो.

तुझा लोभ असाच वाढता राहो, शेळीच्या दुधावर.
पिलाजी


मळा
१६ फेब्रुवारी

चि. पिलाजीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र दोनदा वाचलं. शेळीच्या कानाची खरूज आहे, जाळी आहे, चप्पल आहे. गोदीचा एक शब्द नाही. जिच्या कासेला तू सकाळ-संध्याकाळ हात लावून बघायचास, तिचे दिवस भरलेले असताना तू मला चुन्याचं पाणी शिकवतोस?

आज रविवार, रणवीर गोत्रीहून येऊन गेला. बोलता बोलता म्हणाला की डॉक्टर ऑपरेशन दिवाळीनंतरही चालेल म्हणत होते, पण बाबांनीच हट्टाने फेब्रुवारी धरला. मी कांताबेनना विचारलं. त्या उठून शेळीला पाला टाकू लागल्या. कांताबेन विषय टाळतात म्हणजे काही तरी आहे.

पत्र छोटं लिहिलंस तरी चालेल, पण खरं लिही. रागावणार नाही, असं वचन देत नाही.
अक्का


रावपुरा
१८ फेब्रुवारी

ती. स्व. अक्कास,
शि. सा. न. वि. वि.

मागच्या वर्षी गोदीचं वासरू मेलेलं जन्मलं, असं मी तुला सांगितलं होतं. ते खोटं. ते जिवंत होतं. डोकं आणि एक पाय बाहेर येत होता, दुसरा पाय आत दुमडलेला होता. गुरांचे डॉक्टर दुसऱ्या गावाला गेलेले. फोनवर ते सांगत होते, हात घाला, खूर मुठीत धरून पाय सरळ करा. सोपं होतं ग. मी बाह्या वर केल्या, साबण लावला आणि मग माझे हात थरथरायला लागले. पाणी आणतो असं कांताबेनना सांगून मी गेलो आणि कडब्याच्या गंजीमागे कान झाकून बसलो. डॉक्टर आले तोवर पाऊण तास गेला होता, वासरूही गेलं होतं. कालवड होती.

आपले पूर्वज बडोदे सरकारच्या फौजेत घोड्यावर लढले. मी गंजीमागे गेलो. कांताबेननी वर्षभर कुणाला सांगितलं नाही. गोदी मात्र दुसऱ्या दिवशीही माझ्या हाताला पान्हा सोडत होती, तेच जास्त झोंबलं.

म्हणून ऑपरेशन आता करून घेतलं. बिजलीने खाल्लेल्या पानावर पुढे एवढंच होतं: तिला सोडून जाऊ नकोस. तू आहेस म्हणजे नीट होईल असं वाटलं. तू कधी घाबरत नाहीस.

आता लोभ असावा असं लिहायलाही लाज वाटते.
पिलाजी


मळा
१९ फेब्रुवारी

चि. पिलाजी,

वा रे शहाण्या! मी घाबरत नाही हे तुला कुणी सांगितलं? पहिल्या दिवशी गोदीने मान हलवली तेव्हा मी देवळातही कधी म्हटलं नाही एवढ्या वेळा स्तोत्र म्हटलं.

काल तिच्या शेपटीजवळचा भाग सैल पडला, कास तटतटली. उद्या-परवा नक्की. उद्या रमणभाईंच्या परतीच्या टेम्पोत बस. गवारीच्या रिकाम्या पोत्यांवर बसायला मिळेल. काही उचलायचं नाही, फक्त यायचं.

आशीर्वाद आल्यावर देईन.
अक्का


मळा
२१ फेब्रुवारी

चि. रणवीर,
अनेक आशीर्वाद.

बाबा रावपुऱ्यात नाहीत म्हणून तू काळजीत असशील. ते इथे आहेत.

काल दुपारी टेम्पोतून उतरले तोवर गोदी बसून कण्हत होती. पुन्हा तेच! डोकं दिसतंय, एक पाय दिसतोय, दुसरा नाही. डॉक्टर निघाले होते, पण तासाचा रस्ता. कांताबेननी फोन लावून गोठ्याच्या खांबाला टेकवला. आधी मी हात घातला. संधिवाताने माझी बोटं मिटत नाहीत, खूर निसटत राहिला. मी हात बाहेर काढला आणि पिलाजीकडे पाहिलं. तो दारात उभा होता, चेहरा पांढरा. खरं सांगायचं तर मला रडू येत होतं.

त्याने बाह्या वर केल्या. गोदीच्या तोंडासमोर गेला, तिच्या कपाळाला हात लावला आणि गुजरातीत म्हणाला की या वेळी मी जाणार नाही. मग मागे आला. हात थरथरत होते ते मी पाहिलं. थरथरतच आत घातले. डॉक्टर फोनवर सांगत होते की कळ थांबली की डोकं मागे सारा, खूर तळहातात झाका, पुढे आणा. दोनदा निसटला. तिसऱ्यांदा तो ओरडला की आला, आला, आणि मी आणि कांताबेननी पाय धरून ओढलं. मी शेणात बसले, वासरू माझ्या मांडीवर. डॉक्टर आले तेव्हा त्यांना चहा पिण्याखेरीज काम उरलं नव्हतं.

कालवड आहे. तांबडी, कपाळावर पांढरा ठिपका, कान आत्ताच पानासारखे लोंबतात. उद्या खरवस पाठवते. कांताबेन त्याला बळी म्हणतात आणि त्यात वेलची घालू देत नाहीत. त्यावर आमचं भांडण चालू आहे.

बाबांना गोत्रीला घेऊन जातो म्हणाला होतास. एवढ्यात विचारायला येऊ नकोस. कालवड तीनदा पडून चौथ्यांदा उभी राहिली, दूध प्यायली आणि पिलाजीच्या मांडीवर मान टाकून झोपली. सकाळचे नऊ झालेत, तो चहाला उठत नाही. पाय बधिर झालाय म्हणतो, पण हळू आवाजात.

तुझी,
अक्का आत्या