मुख्य कर्जदाराचा पत्ता

प्रिय बारक्या,

गेल्या महिन्यात एका सकाळी मी ठेवणीतला शर्ट घातला, देवापुढे हात जोडले, पण मागितलं काही नाही. एवढ्याशा कामासाठी त्याला कशाला त्रास, असं वाटलं. कारखान्यातून अर्धी रजा घेतली आणि चिमणीला घेऊन बँकेत गेलो. माझ्या लेकीला नर्सिंगला प्रवेश मिळालाय, बारक्या. तुझ्या व्हॅनच्या पुढच्या सीटवर उभी राहून हॉर्न वाजवणारी पोर आता माझ्यापेक्षा उंच झालीय. फी मोठी, म्हणून शिक्षणासाठी कर्ज काढायचं आणि त्यावर बापानं सही करायची, एवढंच काम होतं.

काउंटरवरची मुलगी चिमणीहून थोडीच मोठी असेल. माझ्या पगाराचे कागद पाहून तिनं मान डोलावली, मग स्क्रीनवर काहीतरी वाचलं आणि टाइप करायची थांबली. मला वाटलं, मशीन अडलं. तिनं स्क्रीन आमच्याकडे वळवला. कुणी कुणाचं देणं वेळेवर फेडलं याचा प्रत्येक माणसाचा एक क्रेडिट रिपोर्ट असतो, आणि त्यावर परीक्षेतल्या गुणांसारखा एक आकडा. मी नापास होतो. मी म्हटलं, पोरी, काहीतरी घोटाळा आहे, मी किराणासुद्धा रोखीनं आणतो. ती म्हणाली, "तेच तर, काका. तुमच्या नावावर दुसरं काहीच नाही. ही एकच नोंद आहे." तुझ्या व्हॅनचं कर्ज. जामीनदार म्हणून माझं नाव, आणि पुढे थकीत, बुडीत खात्यात वर्ग. इतकी वर्षं ज्याचं त्याला वेळेवर दिलं, ते कुणी कुठे लिहून ठेवलेलं नव्हतं. लिहिलेलं होतं ते एवढंच.

बँकेनं व्हॅन ओढून नेली तेव्हा मला वाटलं होतं, गाडी गेली, हिशोब मिटला. लिलावात ती पडत्या भावात गेली आणि बरीच बाकी उरली, हे पुढे वसुलीवाल्यांनी सांगितलं. ते कारखान्यात यायचे आणि मी नुकतंच कापड चढवलेल्या गिऱ्हाइकाच्या सोफ्यावर ऐसपैस बसायचे. त्यातला जाड्या एकदा गादी दाबून म्हणाला, "काम झकास आहे हो तुमचं. भाऊ कुठं लपवलाय?" सगळे हसले. मीही हसलो, दुसरं काय करणार. मग हळूहळू ते यायचे बंद झाले आणि मी समजलो, देवानं सोडवलं. बँकेतल्या मुलीला तसं सांगितलं, तर ती समजुतीच्या सुरात म्हणाली, "माणसं यायची थांबली म्हणून कर्ज थांबत नाही, काका. व्याज चढतच असतं." ही बाकी भरली गेली तर नोंद लगेच पुसली जाणार नाही, पण तिथं 'फेडलं' असं येईल, आणि मग ती आमचा अर्ज पुन्हा वर पाठवेल, असंही म्हणाली. फी भरायची मुदत पुढच्या महिनाअखेरपर्यंत आहे. त्यानंतर चिमणीची जागा दुसऱ्या कुणाला जाईल.

घरी आल्यावर तुझी वहिनी सगळं ऐकून भांडी लावत राहिली. मग म्हणाली, "भावजी आपल्या घरात राहायचे थांबले, पण आपल्या कागदांवर अजून मुक्कामाला आहेत." तिला हसू आलं आणि लगेच डोळे पुसावे लागले. चिमणी म्हणाली, "बाबा, मी एक वर्ष थांबते, काही बिघडत नाही," आणि दुसऱ्याच दिवशी कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानात कुणी कामाला हवंय का, असं विचारून आली. रागाचा एक शब्द बोलली नाही कुणाला. बोलली असती तर बरं झालं असतं.

तुझ्यावर रागावलो म्हणून लिहीत नाही. रागालाही अंगात जोर लागतो, आणि दिवसभर खिळे ठोकून माझ्यात तो उरत नाही. आई गेली तेव्हा तू आला नाहीस. दारात वसुलीवाले उभे असतील, ही भीती मला कळली होती. चार लोकांत मी तुझी बाजू सावरून घेतली. तेव्हा आईची शाल पाठवायला तुझ्या बायकोनं मला घराचा पत्ता दिला, आणि बोलता बोलता सांगून गेली की घरासमोरच तिच्या नावानं दुकान टाकलंय, बरं चाललंय. मला खरंच आनंद झाला. मी हे वहिनीलासुद्धा सांगितलं नाही. तू कधीतरी आपणहून फोन करशील, म्हणशील, दादा, थोडं थोडं फेडायला लागू. रोज संध्याकाळी हात जोडताना मी तेवढं एक मागत आलो.

त्या दिवशी बँकेतल्या मुलीनं विचारलं होतं, मुख्य कर्जदाराचा पत्ता आहे का तुमच्याकडे? चिमणी माझ्याकडे पाहत होती. मी खाली पाहिलं आणि म्हटलं, बघून सांगतो. महिनाभर बघत राहिलो. जामिनाची सही माझी आहे, ती मी नाकारत नाही. तुला अगदीच जमलं नाही तर माझ्या गळ्यात येईल ते मी भरत राहीन, पण त्यांनी आधी तुझं दार वाजवावं, असं मला आता वाटतं. बँकेची नोटीस येईल. त्याआधी तुला हे माझ्याकडून कळावं, परक्या पाकिटातून नको, म्हणून हे पत्र. काल दुपारी मी एकटाच बँकेत गेलो, त्या मुलीकडून कागद मागून घेतला आणि तुझा पत्ता लिहून दिला, घराचा आणि दुकानाचाही. देण्याआधी घर क्रमांक चुकला नाही ना, हे पुन्हा एकदा वाचून पाहिलं.

तुझाच,
दादा