नाळेच्या पेशी आणि माझा दरारा

३ जून, सोमवार. रात्री ९:१०

आजपासून रोजनिशी. कुणाला दाखवायची नाही. पण उद्या मी मोठा झालो की सुरुवात कशी झाली ते माझं मलाच आठवायला हवं.

नोकरी लागली. लॅबमध्ये. दवाखान्यात कुणी बाळंत झालं की नाळेचा तुकडा थंड डब्यातून आमच्याकडे येतो. त्यातल्या स्टेम सेल काढायच्या आणि चपट्या प्लॅस्टिकच्या बाटल्यांत, म्हणजे फ्लास्कमध्ये, गुलाबी पाण्यात वाढवायच्या. या पेशी पाण्यात निरोप सोडतात. शरीराच्या संरक्षण खात्याला. काही निरोप ‘शांत बसा’चे, काही ‘धावा’चे. ते मशीनवर मोजायचे. बास. एवढ्यासाठी लोक पंधरा पंधरा वर्षं शिकतात.

ट्रायलवर आम्ही दोघं. मी आणि पट्टी. तो इतका सरळ उभा राहतो की शेजारची भिंत तिरकी वाटते, म्हणून पट्टी. महिनाअखेर दोघांतला एकच कायम होणार. म्हणजे मी.

नाहीतर भाऊजींचं टाइल्सचं दुकान. राहायला त्यांच्याच घरी आहे, आता दिवसभरही तेच थोबाड बघू? ताईने विचारलं, नाळ म्हणजे मूल ठेवून घेतात आणि बाकीचं टाकून देतात, त्यातलं बाकीचं ना? म्हणाली, मग माणूस अगदी योग्य निवडलाय. भाऊजी इतके हसले की चहा नाकात गेला. बरं झालं.

संकल्प: वेळेवर जाणे. मास्क लावणे. पट्टीचा निकाल लावणे.

४ जून

चाळीस मिनिटं उशीर. चूक घड्याळाची. वेळेवर जाणे सोमवारपासून. आठवडा असा मधूनच सुरू करू नये.

मास्क लावला. हनुवटीला. नाकावर घेतला की माझाच श्वास मलाच परत येतो. पट्टी म्हणाला, मास्क वर घे. मी म्हणालो, तू आधी नाक खाली घे. तो वहीत काहीतरी लिहायला लागला. चुगलखोर.

त्याच्या मोठ्या ग्लव्हजच्या खोक्यात छोट्या मापाचे भरून ठेवले. सहा फाडले. सातव्यात चार बोटं गेली, अंगठा बाहेर. तसाच उभा राहिला, सरळ. माणूस आहे की विजेचा खांब?

७ जून, शुक्रवार

पहिली मोजणी. एक ते दहा पट्टीचे फ्लास्क, अकरा ते वीस माझे. सगळ्यांचे आकडे सारखेच, मरतुकडे. माझ्या हातचं आणि त्याच्या हातचं सारखं? हा अपमान मी पेशींच्या नावावर मांडून ठेवलाय.

लॅब चालवणाऱ्या मॅडमनी समजावलं. पेशींना आरामात ठेवलं तर त्या गप्प बसतात. थोडा त्रास दिला की निरोप सोडतात. त्यासाठी मोजून एक थेंब औषध टाकतात. पट्टीने ‘मोजून’च्या खाली दोन रेघा मारल्या.

औषध कशाला? त्रास देण्यात माझा हात कोण धरणार? शाळेत तीन मास्तरांनी माझ्यामुळे वर्ग बदलून घेतलाय.

१० जून, सोमवार

वेळेवर जाणार होतो. पुढच्या सोमवारी.

नवी पद्धत सुरू. पट्टी जेवायला गेला की मी हुडसमोर बसतो. हुड म्हणजे काचेचं कपाट, आतून स्वच्छ हवा वाहते, काच अर्धी खाली, फक्त हात आत घालायचे. मी काच वर सरकवतो आणि डोकंही आत घालतो. झाकण उघडून एकेका फ्लास्कला मनापासून शिव्या देतो. लांबून देऊन उपयोग नाही, ऐकू जायला पाहिजे. अकराला साध्या. बाराला आईवरून, पण यांना आई असतेच, नाळच ती, त्यामुळे जास्त लागलं असणार. चौदा नंबर फार माजोरडा. त्याला भाऊजींसाठी राखून ठेवलेल्या दिल्या.

घसा बसला. ताई म्हणाली, तुझा आवाज गेला, घरात सण असल्यासारखं वाटतंय.

१४ जून

तिप्पट!

मशीनच्या कागदावर माझे खांब वर, पट्टीचे जमिनीला चिकटलेले. मॅडमनी चष्मा काढून पुसला आणि परत बघितलं. मी भिंतीला टेकून उभा, जणू रोजचंच आहे.

पट्टीने विचारलं, औषध किती टाकलंस? मी म्हणालो, शून्य. मग काय केलंस? म्हटलं, हातगुण. त्याचा चेहरा उकडलेल्या बटाट्यासारखा झाला. असा आनंद मला दहावी पास झाल्यावरही झाला नव्हता. झालो असतो तरी झाला नसता.

१९ जून, बुधवार

आठपट. घरी सांगितलं. भाऊजी म्हणाले, कशाच्या आठपट? म्हटलं, तुम्हाला नाही कळणार, तुम्ही फरशीतले. ताईने माझी ताटली उचलून नेली. अर्धवट जेवलो, पण ताठ मानेने.

पट्टी म्हणतो, तुझ्या पेशी नीट वाढत नाहीयेत, माझ्यापेक्षा निम्म्याच आहेत. जळकुकडा! ज्याला काम असतं त्याचं पोट सुटत नाही. दिवसभर बोलायचं तर अंगाला काय लागणार?

मॅडम म्हणाल्या, हे आकडे खरे असतील तर फार मोठी गोष्ट आहे. म्हणजे खरे आहेत. आता फक्त कायमच्या पत्रावरची सही राहिली. आरशासमोर बसून पत्र घेतानाचा चेहरा करून बघितला. आश्चर्याचा जरा जास्त होतोय.

शिव्यांचा साठा संपत आलाय. आज सतराला चक्क वर्तमानपत्र वाचून दाखवलं. त्यानेही त्रास होतोच.

२४ जून, सोमवार

कट आहे.

मॅडमनी कागद टेबलावर पसरला. म्हणाल्या, वाढलेत ते सगळे ‘धावा’चे निरोप. ‘शांत बसा’चे जागच्या जागी. म्हटलं, वाढलं ते वाढलं, आता त्यातही आवडनिवड? म्हणाल्या, आणि वाढ फक्त याच दहा फ्लास्कमध्ये कशी? आत काहीतरी शिरलेलं दिसतंय. पाणी मात्र गढूळ नाही.

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी पट्टीकडे. स्पष्ट सांगितलं, यानेच काहीतरी सोडलंय, माझं यश याला पचत नाही. पट्टी म्हणाला, मी तुझ्या फ्लास्कला हातही लावत नाही. म्हटलं, हात नाही लावला, खोकलास! सगळ्यांची तोंडं तपासा! प्रत्येकाची थुंकी घ्या, चोर सापडतो का नाही बघा!

मॅडम म्हणाल्या, तीन आठवड्यांत पहिल्यांदा काहीतरी शास्त्रीय बोललास.

मी सगळ्यात आधी नळी भरून दिली. काठोकाठ. ज्याच्या मनात पाप नाही तो असा थुंकतो. पट्टीला पाच मिनिटं लागली. त्यावरूनच ओळखा.

२७ जून, गुरुवार. रात्री १०:००

निकाल.

एक जंतू आहे. इतका बारीक की गाळणीतून निसटतो. पाणी गढूळ करत नाही, जंतू मारायच्या नेहमीच्या औषधाला भीक घालत नाही. माणसाच्या तोंडात गुपचूप राहतो, माणसाला काही करत नाही, पेशींना मात्र जगू देत नाही.

मॅडमचं तोंड स्वच्छ. पट्टीचं स्वच्छ. लादी पुसणाऱ्या मावशींचं स्वच्छ, त्या तर दिवसभर तंबाखू खातात. माझ्या थुंकीची रेघ कागदाबाहेर गेली. मॅडमनी जुळवूनही बघितलं. फ्लास्कमधला आणि माझ्या तोंडातला एकाच घरातले.

म्हणजे पेशी मला उत्तर देत नव्हत्या. मदतीला या, मदतीला या म्हणून ओरडत होत्या. अठरा दिवस. माझ्यापासून वाचवा म्हणून. आणि तो आकडा मी घरी सांगत फिरलो.

मॅडम ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. हळू आवाजात म्हणाल्या, बाळंत होऊन दोन तास झालेल्या बाईने सही करून दिली होती ही नाळ. दहाही फ्लास्कमध्ये ब्लीच ओतलं. मला म्हणाल्या, तूच ओत. चौदा नंबरला शेवटी ओतलं.

मला काय त्याचं?

असं लिहिलंय खरं, पण जेवण गेलं नाही. ताईने ताटलीही नेली नाही. विचारलं, बरं नाही का रे? तिला हे विचारायला आजचाच दिवस मिळाला.

२९ जून, शनिवार

पट्टी कायम. पत्र दोन्ही हातांनी घेतलं, सरळ उभं राहून. माझ्याजवळ आला, म्हणाला, वाईट वाटलं. मी उत्तर द्यायला तोंड उघडलं तर हा चार पावलं मागे सरकला. मास्क वर केला.

निघताना मॅडमनी थांबवलं. मला वाटलं, विचार बदलला. म्हणाल्या, एक मदत करशील? आमची जंतूची तपासणी नीट चालते का ते बघायला खात्रीचा नमुना लागतो. बाहेरून मागवतो त्यात इतका जोर नसतो. तीन नळ्या देशील?

दिल्या. फॉर्मवर सही केली. पट्टीने लेबल लावलं, मोजून मधोमध: कायमस्वरूपी नमुना, टाकू नये. उणे ऐंशीच्या फ्रीझरमध्ये वरचा कप्पा. मावशी म्हणाल्या, बाबा, तिथे मॅडमसुद्धा विचारल्याशिवाय काही ठेवत नाहीत.

म्हणजे हिशेब सरळ आहे. या महिन्यात लॅबमध्ये दोघं कायम झाले. एक पट्टी, एक माझी थुंकी.