देझिरेनं डबा खाल्ला होता का?

पॅरिस, ३ मार्च १९६७

ती. फेर्नांदताईस,
गिलेनचा शि. सा. न. वि. वि.

हल्ली मी कोण आहे, असं तू विचारलंस. जानेवारीत मठातली जोगीण होते, त्याआधी खिसेकापू आणि मेयरची नखरेल बायको. आता आपल्या सेरँच्या खाणकामगाराची विधवा व्हायचंय. वीस वर्षं इथल्या लोकांनी आपली गावची बोली माझ्या जिभेवरून खरवडून काढली. आता तीच हवीय, आणि मला येईना!

एक विचारू? देझिरेभाऊजी गेल्याचं सांगायला खाणीवरून माणसं आली, तेव्हा तू नेमकं काय केलंस? दिग्दर्शक म्हणतात, किंचाळायचं. मला ते खोटं वाटतं. राग आला तर उत्तर देऊ नकोस, पण माया पातळ करू नकोस.

तुझी
गिलेन

सेरँ, ११ मार्च

चि. गिलेन हिस अनेक आशीर्वाद.

राग आला. माझा नवरा म्हणजे काय तुझी टोपी, घातली नि काढली? चार दिवस पत्र कपाटात कोंडलं. मग वाटलं, अकरा वर्षांत हे कुणी विचारलंच नव्हतं.

दोघं आले. मी त्यांना बूट पुसून आत या म्हटलं, कॉफी दिली. ऐकून घेतलं. मग विचारलं, त्यानं डबा खाल्ला होता का? त्यांना ठाऊक नव्हतं. मी रडले नाही. अजूनही नाही. हवं तर घे, पण नीट कर.

आणि बोली येत नसेल तर इकडे ये, बाजारात दोन शिव्या खा, आपोआप येईल. तब्येतीला जप.

तुझी ताई

पॅरिस, २० मे

ती. ताईस शि. सा. न.

ते वाक्य ऐकून दिग्दर्शक म्हणाले, लोक हसतील. मी हटून बसले. त्यांनी दुसरी नटी आणायची धमकी दिली, तर मी म्हटलं, आधी एकदा बघा तरी. मी डब्याचं विचारलं आणि दिवेवाले कामगारसुद्धा जागचे हलले नाहीत. प्रसंग ठेवलाय. पण तुला कसा वाटेल, याची धास्ती आहे. खरं तेच कळव.

तुझीच
गिलेन

सेरँ, १९ नोव्हेंबर

चि. गिलेन हिस आशीर्वाद.

काल चित्रपट पाहिला. कुणी हसलं नाही. पहिली पाच मिनिटं मी तुला शोधत होते, मग विसरले. चालतेस माझ्यासारखी, हे कधी चोरलंस?

बाहेर म्हातारा एव्हरार थांबला होता. त्या दिवशी तो देझिरेबरोबर खाली होता. टोपी हातात घेऊन म्हणाला, नऊ वाजताच डबा संपवला त्यानं, वर माझ्यातलं चीजही पळवलं. मला येऊन विचारायचं धाडस तुला नव्हतं, सांगायचं मला, असंही म्हणाला.

घरी आले, कोट न काढताच जिन्यावर बसले आणि पोटभर रडले. तू पडद्यावर रडली नाहीस, फार बरं केलंस. ते माझ्या वाट्याचं होतं.

आता पुढे कोण होणार आहेस, ते लगेच कळव. वाट पाहते.

तुझी
फेर्नांदताई