नोंद तीन वगळण्यात येईल

॥ श्री ॥

२ डिसेंबर, सोमवार. धानोरा.

देवापुढे दिवा लावला आणि मगच ही वही उघडली. ऊर्जानगरात बारा वर्षं खिडकीच्या चौकटीवरून वीजकेंद्राची काळी राख पुसली. इथं सकाळी फडकं फिरवलं तर पांढरंच राहिलं. केवढा आनंद झाला! ह्यांना इथल्या धानाच्या गिरणीत फिटरचं काम लागलं, म्हणून आलो. दोन खोल्या, मागे न्हाणी, विहिरीचं गोड पाणी. मयुरी आमची एकुलती एक, एकोणीस वर्षांची. गडचिरोलीला नर्सिंगच्या कॉलेजात बसने जाईल. आल्या आल्या तिने आरशाजवळची खुंटी आपल्या ओढण्यांसाठी अडवून ठेवली. हे म्हणाले, तुहं लग्न झालं का त्या खुंटीले मी माहा पायजामा टांगतो. ती म्हणाली, बाबा, तुमचा पायजामा पाहून जावई दारातूनच वापस जाईन.

आणि नवल म्हणजे मलाही काम मिळालं. रस्त्याच्या पलीकडे एका खोलीत ग्रामसभांसाठी माहिती केंद्र आहे. ते रंजीता चालवते. जंगलातल्या गावची पोरगी, वकिली शिकलेली. विधिमंडळात जी नवीन विधेयकं येतात त्यांवर ती नजर ठेवते. कोणी मांडलं, कुठवर पोचलं, आपल्या कोणत्या गावाला लागेल, सगळं. कागद संगणकावरून छापून निघतो, पण नोंद तिला वहीतच पाहिजे, कारण लाइट इथं आपल्या मर्जीने येते. माझं दहावीचं अक्षर पाहून म्हणाली, काकू, उद्यापासूनच या, असं अक्षर तर मंत्र्याले बी वाचता येईन.

५ डिसेंबर, गुरुवार

काम आवडलं. घरच्या हिशेबासारखंच, रकाने आखायचे आणि चुकायचं नाही. रंजीताने पायऱ्या समजावल्या. आधी सभागृहाला विचारतात, मांडू का? तिला अनुमती म्हणतात. तिथं बहुतेक कोणी अडवत नाही, सवयीने हो म्हणतात. मग एकेक कलम घेऊन हो की नाही. शेवटी सबंध विधेयकावर एकदा हो की नाही, ते तिसरं वाचन. तेवढं झालं की संमत. मी म्हटलं, मला पाहायला आले होते तेव्हा अगदी हेच झालं, फक्त मला कोणी काही विचारलं नाही. ती पोट धरून हसली.

जुनी विधानसभा संपली तशी तिची अर्धवट राहिलेली विधेयकं बाद झाली. त्यांचा गठ्ठा कोपऱ्यात होता. तो न्यायला रंजीताच्या गावचे सुकलूभाऊ आले. म्हातारे, वाळकुडे, बोलणं थोडकं. बाद झालेलं विधेयक ते शिवेबाहेर नेऊन पुरतात आणि वर धोंडा ठेवतात. मी विचारलं, रद्दीत काऊन नाही देत? ते म्हणाले, बाई, ज्याच्यात मानसाच्या गावाचं नाव लिवलं अन् जे जन्मलंच नाई, त्याले भूक राह्यते. रंजीता म्हणाली, काकू, त्यांच्याशी वाद घालू नका, माही वकिली बी त्यांच्यापुढं चालत नाई.

पण माझा जीव तुटला. एका बाजूने कोरे, जाड, पांढरेशुभ्र कागद मातीत घालायचे? गठ्ठा बांधताना एक विधेयक मी पिशवीत सारलं. चोरी नव्हे, वाया जात होतं ते वाचवलं.

८ डिसेंबर, रविवार

कागद छान कामी आले. देवघराच्या फळीवर दोन अंथरले, त्यांवर देव मांडले. रेशनकार्ड मी देवाच्या नजरेखाली ठेवते, तेही तिथंच ठेवलं. एक पान पिठाच्या डब्याच्या तळाशी घातलं. उरलेल्यांवर अंगणात मुंगवड्या घातल्या, कोरी बाजू वर करून. कापडाला वड्या चिकटतात, कागदावरून अलगद सुटतात.

घालता घालता एक कलम वाचलं. ‘मूळ यादीतील नोंद तीन वगळण्यात येईल, आणि त्याऐवजी पुढील नोंद दाखल करण्यात येईल.’ पुढची नोंद कोणती ते लिहिलेलं नव्हतं. मूळ यादीचं पानही नव्हतं. अर्धवटच मेलं ते.

देवाला वरणभाताचा नैवेद्य दाखवला. आता रोज दाखवायचा असं ठरवलं, नवीन घर आहे.

११ डिसेंबर, बुधवार

वास येतो. उंदीर मेला असेल म्हणून न्हाणी, पलंगाखाली, सगळं उपसलं. वास देवघरातून येतोय. ओल्या केसांचा आणि नासलेल्या दुधाचा. नैवेद्याची वाटी उचलली. भात कमी झाला नव्हता, पण चोखलेला होता. शितं चपटी, बुळबुळीत, आणि वाटीपासून फळीपर्यंत लाळेसारखी तार. शी! वाटी राखेने तीनदा घासली, तरी बोटांना बुळबुळीतच लागत राहिली.

वड्या तीन दिवस ऊन खाऊन आतून मऊच. चिमटीत दाबली तर कोमट. खालची शाई वर चढून निळ्या शिरांसारखी पसरली आहे. एक फोडली, तर आत लांब काळा केस, वेटोळं घालून बसलेला. आणि काल मी ह्यातल्याच मूठभर घालून भाजी केली होती. सगळ्यांनी दोनदा घेतली. हे तर बोटं चाटत होते. ते आठवून मी न्हाणीत जाऊन ओकले.

१३ डिसेंबर, शुक्रवार

दुपारी दोनला कणीक मळत होते, दाराकडे पाठ होती. मागून मयुरी म्हणाली, आई, येऊ का मी? मी म्हटलं, ये की, विचारतेस काय. कोणी आलं नाही. मग ध्यानात आलं, मयुरी तर गडचिरोलीला गेलेली.

पाचच्या बसने आली तेव्हा तिला सांगितलं. तिने माझ्या कपाळाला हात लावला आणि म्हणाली, ताप नाई आई, मंजे म्हातारपन आहे.

पण मी तेव्हा पुन्हा कणकेत हात घातला होता, ते तिला सांगितलं नाही. कणीक माझी बोटं सोडत नव्हती. तान्ह्या लेकराची हिरडी ओढते तशी ओढत होती. मी किंचाळून हात काढला आणि गोळा उकिरड्यावर फेकला. कुत्रा तो हुंगून शेपूट घालून पळाला.

१६ डिसेंबर, सोमवार

नागपूरला अधिवेशन सुरू झालं. केंद्रात नवीन विधेयकांची नोंद करायला वही उघडली, तर पहिल्या ओळीत त्याच बाद विधेयकाचा क्रमांक. पुढे, मांडण्यास अनुमती, १३ डिसेंबर, दुपारी दोन, मिळाली. अक्षर माझं. मी लिहिलेलं नाही.

रंजीताला सगळं कबूल केलं. पिशवी, देवघर, वड्या. तिने लगेच सुकलूभाऊंना फोन लावला. म्हातारे तीन तासांनी आले. घरात पाऊल टाकलं नाही. उंबऱ्यावरूनच वास घेतला आणि बाजूला थुंकले. म्हणाले, मेलेल्याले रोज ताट वाढलं बाई तुमी. देवाच्या जाग्यावर बसवून वाढलं. अन् त्याच्यापाशी यादी नोती, ते बी तुमीच देल्ली.

फळीवरून रेशनकार्ड ओढलं. नोंद एक, धनराज, म्हणजे हे. नोंद दोन, मनकर्णा, म्हणजे मी. नोंद तीन, मयुरी. तिच्या नावावर ओला डाग होता. बोट लावलं तर भाजलेल्या वांग्याचं साल निघावं तसं पहिलं अक्षर निघून माझ्या बोटाला चिकटलं.

मी रडत म्हटलं, आत्ता पुरून टाकते. म्हणाले, पानं पुरशान, पोटात गेलं ते कसं पुरशान? आता ते पुसत जाईन, हे घेऊ का, ते घेऊ का, एकेक कलम. घरात मोठे तुमी दोघं. शेवटच्या वाचनाले दोघांनी बी नाई म्हनाचं. एकाचं जरी हो झालं, तं पोरगी गेली, अन् तिच्या जाग्यावर ते आलं.

१७ डिसेंबर, मंगळवार

पानं पुरली. हातात घेववत नव्हती. कोमट, मऊ, कडांना बारीक लव. पिठाच्या डब्यातलं पान सापडलं नाही. हात घातला तर तळ लागेना, फक्त काहीतरी गार आणि गुबगुबीत. झाकण लावून वर पाटा ठेवला.

ह्यांना सांगितलं. म्हणाले, तुह्या डोक्यात त्या हापिसचे कागद भरले. मी पाया पडले, तेव्हा म्हणाले, बरं बरं, नाई म्हनीन, पहिले जेवाले वाढ.

१८ डिसेंबर, बुधवार

सकाळी डब्यातून आवाज, मयुरीचा. आई, केस घेऊ का? मी नाही नाही म्हणून ओरडले. हे अंगणात दाढी करत होते. तिथूनच म्हणाले, घे न माय, आईले काय पुसतं. त्यांना वाटलं पोरगी केसांसाठी तेल मागते.

मयुरी अंथरुणातून उठली. वेणी उशीवरच राहिली, सबंध. डोकं गुळगुळीत, रक्ताचा थेंब नाही. तिने हात फिरवला आणि —

डब्याच्या झाकणाखालून केस बाहेर आले आहेत. पिठाने माखलेले. हलतात.

१९ डिसेंबर, गुरुवार

आज आवाज मागितला. मी ह्यांच्या तोंडावर हात दाबून धरला होता. झटकून म्हणाले, हो हो, घे बाप्पा काय घ्याचं ते, पन मले गिरनीत जाऊ दे.

मयुरी ओठ हलवते, हवा निघते.

डबा उपडा पडलेला. आत काही नाही. स्वयंपाकघरापासून पलंगापर्यंत ओला पांढरा माग, गोगलगाईचा असतो तसा. तो पुसावाच लागला. फडकं जाळलं, तर मांस जळल्याचा वास.

२० डिसेंबर, शुक्रवार

ते पलंगावर बसतं. मयुरीची ओढणी घेऊन. तोंड कणकेचं. गालांवर माझ्या मुठीचे, माझ्या बोटांचे ठसे. बोलतं तेव्हा जिभेच्या जागी काहीतरी निळं लोळतं. हे त्याला चहा देतात, साखर बरोबर आहे न मयुरी म्हणून विचारतात. आणि माझ्या पोरीला म्हणाले, तू कोनाची वो बाई?

तिला पोंभुर्ण्याला माझ्या भावाकडे पाठवायला मी निघाले. बस थांबलीच नाही. ती रस्त्याच्या मधोमध उभी होती तरी —

ह्यांच्या पायांवर डोकं ठेवलं. नाई म्हना, एवढंच. डोळ्यांत पाणी आणून हो म्हणाले. मग पलंगावरच्या त्याने घास भरवला आणि ह्यांनी तोंड उघडलं. घासातून लाळ लोंबत होती. ह्यांनी ती पण —

२१ डिसेंबर, शनिवार, सकाळी

केंद्राच्या वहीत आलं. तिसरं वाचन, आज, बारा वाजता.

विसरू नये म्हणून लिहिते. माझी पोरगी मयुरी. डाव्या भुवईवर विळ्याची खूण, सातव्या वर्षाची. दारात बसली आहे ती. केस नाहीत, आवाज नाही, तीच माझी. पलंगावरचं माझं नाही. पलंगावरचं घाण आहे. देवा, तेवढी घाण मला शेवटपर्यंत दिसू दे —

शनिवार, बारा वाजून गेले

झालं.

हे हो म्हणाले. मी नाही म्हटलं. म्हटलं असेल —

वास गेला. घर कसं मोकळं —

मयुरी माझ्या मांडीवर आहे. केस ओले, पीठ लागलंय, पुसते. गाल दाबला की बोट आत जातं. लहानपणापासून मऊच आहे ती. पोटच्या लेकराची कसली किळस —

दारात कोण्या गावची पोर उभी आहे. डोकं भादरलेलं, नवस असेल. तोंड हलवते, बोलत नाही. बिचारी. हे म्हणतात, भाकर देऊन वाटेले लाव तिले. मयुरी म्हणते, आई, हाकल —

जात नाही. आत आली. माझ्या वहीवर बोट ठेवते. वरची ओळ. वरची ओळ, वरची ओळ. वाचते गं बाई, रडू नको. माझ्याच अक्षरात आहे.

माझी पोरगी —