खंडेनवमीचं तेल

पुणतांबे,
ता. ९ नोव्हेंबर, रविवार

चि. सौ. दिपाली आणि माझी संस्कृती, दोघी मायलेकींना पोटभर आशीर्वाद.

काल सगळ्यात आधी टपकली ती शेजारची बनुबाई. पाहुणे अजून गाडीतनं उतरले न्हाईत, तवर ही वाटी घेऊन साखर मागायला दारात! कारखान्याची शेअरची साखर परवाच पोतंभर आणली तिनं. मला काय कळत न्हाई व्हय, कशाला आली ती?

पाहुणे म्हंजे माझा केडगावचा भाचा, गहिनीनाथ मिस्त्री. त्याचं गॅरेज हाय. मीच माझ्या लेकाला, मच्छिंद्राला, न सांगता फोन करून बोलावलं. संगं त्याची लेक मोनिका. मला वाटलं पोरगी फिरायला आली असंल. पोह्याला फोडणी टाकून भाईर येते तर पोरगी तुझ्या गाडीखाली! नुसते बूट दिसत हुते. बनुबाईच्या हातातली वाटीच पडली. गहिनीनाथ म्हणतो कसा, "आत्या, आता गाड्या हीच बघती. मी आपला चहा प्यायला आलोय." मी तर गारच झाले.

अकोल्याला तुझ्या माहेरी थंडी लई असंल. संस्कृतीला कानटोपी घालत जा. आपली म्हैस व्याली, पारडी झाली, कपाळावर चांदवा हाय. दिवाळीत करंज्या केल्या न्हाईत. कुणासाठी करायच्या?

तर मोनिका गाडीखालनं निघाली अन मच्छिंद्राला म्हणाली, "काका, गाडी नेमकं करती काय?"

"गिअर डी वर टाकला की चार-पाच आकडे म्हणेस्तवर हलत न्हाई. मग एकदम ढुशी मारती. पहिल्यातनं दुसऱ्यात जाताना इंजिन बोंबलतं अन गाडी जाग्यावरच."

"कवापासनं?"

"दसऱ्यापासनं."

"अन त्याच्या आधी?"

"आधी लोण्यासारखी. सतरा वर्षांची गाडी, पण एक तक्रार न्हाई."

दसरा म्हटल्यावर मी पोह्यावर खोबरं घालायला आत गेले. दोनदा घातलं.

भाईर मच्छिंद्र सांगत हुता, तुझ्या डाव्या पायाला क्लच दाबवत न्हाई म्हणून ही बिनक्लचची गाडी घेतली, तुझी राहात्याच्या दवाखान्यातली नोकरी तिच्यावरच चालती. अन त्या फिटरचं बी सांगितलं, गाडी धड न बघता बोलला त्याचं. गिअरबॉक्स गेला, बाईच्या हातात दिली की असंच हुतंय, भंगारात घाला. मोनिका म्हणाली, "काका, गिअरबॉक्सला बाई का बाप्या कळत न्हाई. त्याला तेल कळतं." बनुबाई तोंडाला पदर लावून हसली.

मग पोरगीनं मच्छिंद्राला शेजारी बसवून स्टेशनापर्यंत चक्कर मारली. इंजिन गरम झालं पायजे म्हणे. परत येऊन सपाट जागेवर उभी केली, इंजिन चालूच ठेवलं, अन गिअरचं तेल मोजायची पिवळ्या कडीची पट्टी नळीतनं उपसून पांढऱ्या फडक्यावर पुसली. "हे तेल कुंकवाच्या पाण्यासारखं लाल अन पातळ पायजे," म्हणाली. फडक्यावर काय, तर काकवी! वर फेस, अन खुणेच्या बोटभर वर चढलेलं. तिनं वास घेतला.

"बाबा, हे ह्या गाडीचं न्हाईच. नव्वद नंबर हाय. ट्रॅक्टरच्या गिअरचं. कुणी घातलं?"

मच्छिंद्र म्हणाला, "तिनंच घातलं असंल."

तिनं म्हंजे तू. अन दिपाली, माझ्या तोंडातनं निघून गेलं, "तिनं न्हाई. मी."

अगं, खंडेनवमीला तुझे सासरे लोखंडाच्या प्रत्येक वस्तूला तेल द्यायचे. सणाला लोखंड उपाशी ठेवू नये म्हणायचे. ते गेल्यावर मी देते. विळा, कुऱ्हाड, कडबाकुट्टी, तुझी शिलाई मशीन, सगळ्यांना दिलं. तुझ्या गाडीला नुसतं हळदकुंकू अन झेंडूची माळ! मला वंगाळ वाटलं. ती नळी मी बघितलेली, तूच एकदा उघडून दावलीस. कडबाकुट्टीच्या गिअरचा डबा हुता, त्यातलं तांब्याभर वतलं. गिअरला गिअरचं तेल. तुला ती गाडी चालवताना बघून मला किती मोठेपण वाटायचं, म्हणून वतलं.

गहिनीनाथानं कपाळाला हात लावला. मोनिका परत खाली शिरली, गिअरबॉक्सच्या तेलाचं चेंबर उघडलं, त्यातला लोहचुंबक काढून बघितला. मी देवाचं नाव घेत उभी. भाईर येऊन म्हणती, "आजी, नुसता राखेसारखा गाळ हाय, लोखंडाचा तुकडा एक बी न्हाई. गिअरबॉक्स वाचला! हा तेलाच्या दाबावर चालतो. तुमच्या जाड तेलानं अन फेसानं दाबच बसंना. फिल्टर बदलू, दोनदा तेल बदलून धुऊन काढू."

मला इतका आनंद झाला की बनुबाईला दोन वाट्या साखर दिली.

आता जे टाळतेय ते लिहिते. तो फिटर बोलला अन मच्छिंद्र तुझ्यावर वरडला, तवा मी तिथंच मेथी निवडत हुते. गाडी माझ्या तेलानंतर दुसऱ्याच दिवशी बिघडली, हे मला तवाच उमगलं हुतं. तरी मी काय म्हणाले? "पाय धड न्हाई तर गाडी हाकावी कशाला." तू माझ्याकडं एकदा बघितलंस अन पिशवी भरायला आत गेलीस. गाव म्हणतंय नवऱ्याच्या बोलण्यानं गेली. तू कुणाच्या बोलण्यानं गेलीस ते मला ठाऊक हाय.

हे बी काल सगळ्यांसमोर सांगितलं. बनुबाई हुती, म्हंजे आज गावाला कळलं असंल. कळू दे. मच्छिंद्र सकाळपासनं तुझी गाडी पुसतोय. चालत न्हाई, तरी पुसतोय.

फोनवर हे माझ्यानं निघालं नसतं, अन तू उचलत बी न्हाईस. तू संस्कृतीच्या पाटीवर शिकवलेल्या अक्षरांनी लिहिलंय. चुकलं असंल तर नीट करून वाच.

निघताना मोनिका म्हणाली, "नवं तेल घातल्यावर पहिली चक्कर काकूंनीच मारायची. रोज चालवतं त्यालाच फरक कळतो." मी म्हटलं, ती असंल का न्हाई, मला सांगता येत न्हाई. तरी येतो म्हणाली. तुझी किल्ली परत तुझ्याच खुंटीला अडकवलीय.

तेल वतून वर तुलाच बोललेली,
तुझी सासू लंकाबाई

ता. क. ते दोघं येत्या रविवारी, सोळा तारखेला, सकाळी दहाला येणार हायेत.