टिमळ या नसलेल्या शब्दाबद्दल

शनिवार, १६ तारीख

तीर्थरूप मोठ्या मावशीस,

वाकून नमस्कार. आधी एक चूक दुरुस्त करते आणि मग तुझ्या डोळ्याची चौकशी करते, नाहीतर चौकशीत माझं लक्ष राहायचं नाही. मागच्या पत्रात मी अकरा माणसांना खोटारडी म्हटलं होतं. ते चूक होतं. अकराही जण खरं तेच सांगत होते. खोटी मी निघाले.

आता डोळा. पट्टी निघाली का? ऑपरेशनसाठी ताईकडे जाऊन तुला दोन आठवडे झाले, अजून सुईला हात लावला नाहीस ना? (भावजी, पत्र तुम्हीच वाचून दाखवत असणार. तुम्हालाही नमस्कार. तिने सुईदोरा मागितला तर सापडत नाही म्हणा. आणि कंसातलं मोठ्याने वाचू नका.)

सगळं पहिल्यापासून सांगते, म्हणजे भावजींनाही कळेल. आमच्या प्रयोगशाळेत माणूस शब्द कसा ओळखतो याचा अभ्यास चालतो. पडद्यावर अक्षरं उमटतात. शब्द खरा वाटला तर हिरवी कळ दाबायची, खोटा वाटला तर लाल. त्यासाठी साठ खोटे शब्द बनवायचं काम बाईंनी (म्हणजे आमच्या प्रमुखांनी) माझ्यावर सोपवलं. हे काम वाटतं तितकं सोपं नाही. शब्द आपल्यातलाच वाटायला हवा, पण कुणाच्या ओळखीचा नको. मी चार शब्दकोश पालथे घातले, तरी जिवाला चैन पडेना. म्हणून यादी घेऊन तुझ्या शिलाईच्या दुकानात आले. माझी पहिली अक्षरं मी तुझ्याच कापायच्या टेबलावर, तुझ्याच खडूने गिरवली. तुला ठाऊक नाही तो शब्द कुणालाच ठाऊक नसणार, अशी माझी लहानपणापासूनची खात्री. तू तुरपाई करता करता यादी ऐकत होतीस. ‘टिमळ’ला तुझा हात थांबला.

“म्हणजे गं काय?”

“काही नाही मावशी. तो शब्दच नाहीये.”

“इतका चांगला शब्द, आणि बिनकामाचा बसवून ठेवलाय?” असं म्हणत तू समोरच्या कोटाचं बटण बोटाने हलवलंस. ते एका दोऱ्यावर लोंबत होतं. “हे बघ. याला म्हणायचं टिमळ.”

मी हसले. तो शब्द तिथल्या तिथे यादीतून खोडायला हवा होता. नाही खोडला. (का नाही खोडला याची मी सात कारणं लिहून काढली आहेत. सातही आळसाचीच आहेत.)

तीन महिन्यांनी प्रयोग झाला. चाळीस माणसं आली आणि त्यातल्या अकरांनी ‘टिमळ’ला हिरवी कळ दाबली. तीही न अडखळता, ‘खुर्ची’ला दाबतात तितक्या झटकन. मला वाटलं, लवकर सुटका व्हावी म्हणून थापा मारताहेत. बाईंना मात्र आनंदाने काय करू नि काय नको असं झालं. काही ध्वनींच्या पोटातच अर्थ असतो आणि मनाला तो न शिकवता कळतो, असं त्यांचं मत आहे. त्यांनी टिमळवर वीस पानं लिहिली. येत्या शुक्रवारी दोनशे विद्वानांपुढे त्या ती वाचणार आहेत.

आणि गेल्या सोमवारी मी बाह्या सैल करायला तुझ्या दुकानात गेले. तुझ्या जागी धाकटी मावशी बसली होती. माझ्यापुढे पोस्टमन उभा होता. मनगट पुढे करून तिला म्हणाला, “जरा बघा हो, हे बटण टिमळलंय. पडायच्या आत दोन टाके मारा.” तो अकरांतला चौथा होता.

बाह्या तशाच टाकून मी निघाले. मग दोन दिवस मी उरलेल्यांच्या मागे. ग्रंथपालांना सरळ विचारलं, “तुमची पँट कोण शिवतं?” ते दोन पावलं मागे सरकून कपाटाला टेकले. दातांच्या डॉक्टरीणबाईंना विचारायला निमित्त हवं, म्हणून काही दुखत नसताना त्यांच्या खुर्चीत आ वासून बसले. हो, त्याही तुझ्याकडेच शिवतात. शिवाय माझी एक दाढ टिमळायला लागली आहे म्हणाल्या. अकराच्या अकरा तुझी गिऱ्हाइकं, मावशी!

भीती वाटते, पण त्याहून नवल जास्त वाटतं. तू दातांत दोरा धरून तो शब्द प्रत्येकाला दोनदा, फार तर तीनदा ऐकवला असशील. त्यांनी तो घरी नेला, आणि टिमळलं, टिमळतंय, टिमळू नकोस अशी सगळी रूपं आपापली बनवली. कुणी शिकवलं नाही, कुणी चुकलंही नाही. पोस्टमनचं बटण आणि डॉक्टरीणबाईंची दाढ यांत सारखं काय, हे मनाने किती सहज हेरलं! शब्द कुठून आला, खरा की बनवलेला, हे मन विचारत नाही. कामाला येतो ना, मग ये, बस, म्हणतं. मी तर तो स्वतः बनवला, आणि आता डोळे मिटून म्हटला तरी मला तो कोट दिसतो. आमच्या सगळ्या यंत्रांनी मिळून जे मला दाखवलं नाही, ते तू एका बटणावर दाखवलंस.

बाईंना सांगितलं तर माझी नोकरी जाईल. नाही सांगितलं तर दोनशे माणसांपुढे त्यांचं हसं होईल, आणि त्या माझ्याशी कधी वाकडं बोललेल्या नाहीत. तुझं उत्तर आलं की सांगेन म्हणते. ताईला आणि बाळाला पापा.

तुझीच भाची,
धाकटी

ता. क. खरं काम राहिलंच. उरलेल्या एकोणसाठांपैकी आणखी किती शब्द तू कामाला लावलेस? लपवू नकोस. धाकटी मावशी काल अस्तराच्या सुरकुतीला ‘भोरका’ म्हणाली. तो यादीत चोविसावा आहे.

ता. क. २. (भावजी, हा कंस मात्र मोठ्याने वाचा. पत्र पोचायला तीन दिवस, उत्तर यायला तीन दिवस, म्हणजे ते शुक्रवारी येणार. हे मला पत्र लिहायला बसण्यापूर्वीच ठाऊक होतं.) चुकलेली शिवण त्याच दिवशी उसवायची, असं तूच शिकवलंस, आणि मी सोमवारपासून टिमळते आहे. उद्या सुट्टी आहे आणि बाई मंगळवारपर्यंत बाहेरगावी आहेत. बुधवारी, वीस तारखेला, सकाळी दहा वाजता, त्यांनी पर्स खाली ठेवायच्या आत सांगणार.